२०० तासांची वही : मुलाला पायलट करायचे ठरवण्याआधी घरच्यांनी समजून घ्यायच्या गोष्टी

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी दोन-चार पालक आमच्याकडे विचारायला येतात. आधी प्रश्न ठरलेला असायचा, मेडिकल की इंजिनिअरिंग. आता त्यात तिसरा प्रश्न वाढला आहे. "पोरगा पायलट व्हायचं म्हणतो. पन्नास लाख लागतात म्हणे. भरायचे का?"

खर्चाचा आकडा चुकीचा नाही. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, काढायला ढोबळमानाने ४० ते ६० लाख रुपये लागतात. त्यानंतर एअरबससारखे एखादे ठरावीक विमान चालवायचे 'टाइप रेटिंग' घ्यावे लागते, त्याचे वेगळे पंधरा-वीस लाख धरावेत. पण पैशाआधी एक गोष्ट समजून घ्यावी असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. या शिक्षणात पैसे भरून पदवी मिळत नाही, तास मिळतात. तेही विमान उडाले तर. भरलेली फी आणि वहीत चढलेले तास यांच्यातले अंतर किती मोठे असू शकते, ते आम्ही मोमीनपुऱ्यातल्या एका ओळखीच्या घरात पाहिले आहे.

त्या अब्बूंनी कामठी रोडवरचा प्लॉट विकला आणि परराज्यातल्या एका संस्थेला जवळपास पूर्ण फी एकदम भरली. 'एकरकमी भरा, सवलत देतो' असे सांगण्यात आले होते. मुलगा हुशार, सगळे लेखी पेपर पास. पण अडीच वर्षांनंतर त्याच्या लॉगबुकात तास होते ११२. कधी विमान दुरुस्तीला, कधी इन्स्ट्रक्टर नाही, कधी पावसाळा. संस्थेचे नाव आम्ही इथे देत नाही, कारण दुसरी बाजू आम्ही ऐकलेली नाही. पण त्या घराने सुरुवातीला कोणते प्रश्न विचारले नाहीत, हे आता त्यांना आणि आम्हालाही पाठ झाले आहे.

२०० तास म्हणजे नेमके काय

डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. परवाना तेच देतात. सीपीएलसाठी वय किमान १८, शिक्षण बारावी फिजिक्स-मॅथ्ससह, क्लास वन मेडिकल, लेखी परीक्षा आणि किमान २०० तास उड्डाण. मुलाने कॉमर्स किंवा आर्ट्स घेतले असेल तर एनआयओएसमधून फिजिक्स आणि मॅथ्सचे पेपर देता येतात, तो रस्ता आहे.

लोक २०० हा आकडा ऐकतात आणि थांबतात. खरी मेख त्या २०० च्या आत आहे. त्यातले किमान १०० तास 'पायलट इन कमांड' म्हणून हवेत, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना उडवलेले. शेजारी इन्स्ट्रक्टर बसून शिकवत असेल तर तो वेळ 'ड्युअल' म्हणून लिहिला जातो, कमांडमध्ये धरत नाहीत. किमान २० तास 'क्रॉस कंट्री', म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी, तेही कमांडमध्ये. किमान १० तास फक्त उपकरणांवर नजर ठेवून उडवलेले, त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर चालतात. रात्रीचे ५ तास, त्यात किमान १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग.

आणि एक लांब प्रवास हवा : किमान ३०० नॉटिकल मैलांचा, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचे. ३०० नॉटिकल मैल म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटर. आपल्या भागातले उदाहरण घ्या. नकाशावर नागपूर ते रायपूर, रायपूर ते गोंदियाजवळचे बिरसी आणि तिथून परत नागपूर असा त्रिकोण काढला तर तो सुमारे ५७० किलोमीटरचा भरतो. म्हणजे अट जेमतेम पूर्ण. सेसना १५२ सारख्या छोट्या विमानाला यात तीन तासांच्या वर हवेत राहावे लागते, एकट्याने. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा किंवा पोरगी हे करते तेव्हा तिकडे अम्मीची तसबीह थांबत नाही, असे एका आईने आम्हाला सांगितले होते.

एअरलाइनला नुसता सीपीएल पुरत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतेच, आणि त्यासाठी कमांडमधले ५० तास क्रॉस कंट्री आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट लागतात (या ४० पैकी २० पर्यंत जमिनीवरच्या सिम्युलेटरवर चालतात). म्हणून शहाणा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून हिशोब मांडतो. कमांडचे १०० तास त्याच त्याच धावपट्टीभोवती गोल फिरून संपवले, तर शेवटी क्रॉस कंट्रीचे तास कमी पडतात आणि ते पुन्हा पैसे देऊन उडवावे लागतात. एक-एक तास दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो, कधी त्याहून जास्त. दोन इंजिनांच्या विमानाचा तर विचारूच नका. तोच तास शक्य तिथे दोन-तीन रकान्यांत मोजला जाईल, असे नियोजन करायला इन्स्ट्रक्टरला सांगावे. एखादे उड्डाण रात्रीचेही असू शकते आणि क्रॉस कंट्रीही.

आता सगळ्यात महत्त्वाची अट. हे २०० तास परवान्याच्या अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांतले हवेत. पहिला तास उडाला की घड्याळ सुरू. मोमीनपुऱ्यातल्या त्या घरात ही अट कुणालाच माहीत नव्हती. उशीर झाला तर नुसता उशीर होत नाही, जुने तास मागून गळायला लागतात.

वही कशी लिहायची

लॉगबुक ही वैमानिकाची आयुष्यभराची कमाई आहे. तारीख, विमानाचा प्रकार, विमानाची नोंदणी (भारतात ती 'व्हीटी' ने सुरू होते), कुठून कुठे, ड्युअल की कमांड, दिवस की रात्र, इन्स्ट्रुमेंट, क्रॉस कंट्री आणि शेवटी सही. वेळ धरायची ती विमान उडण्यासाठी स्वतःच्या इंजिनावर पहिल्यांदा हलले तिथपासून, उड्डाण संपवून पूर्ण थांबले तिथपर्यंत. या क्षेत्रातली माणसे याला 'चॉक टू चॉक' म्हणतात, चाकाखालचा ठोकळा काढल्यापासून परत लावेपर्यंत. त्यामुळे धावपट्टीकडे जातानाचा वेळही यात येतो. पण विमान उभे असताना इंजिन तापवत बसलात तर तो वेळ येत नाही.

त्याच दिवशी लिहायचे, शाईने लिहायचे. आठवड्याने आठवून लिहिणाऱ्याच्या बेरजा चुकतात, हे आम्ही दोन-तीन वह्या प्रत्यक्ष पाहून सांगतो. एका वहीत मागच्या पानाची बेरीज पुढच्या पानावर नेताना १८ चे ८१ झाले होते. मुलाचा हेतू साफ होता, पण तपासणाऱ्याला हेतू दिसत नाही, आकडा दिसतो. आता डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर इलेक्ट्रॉनिक लॉगबुकही आहे, तिथे संस्थेने नोंद प्रमाणित करावी लागते. नोंदी वेळच्या वेळी प्रमाणित होतात का, हे दर महिन्याला पाहायचे. संस्था बंद पडली किंवा भांडण झाले, तर मागच्या सह्या मिळवायला किती चपला झिजतात ते विचारू नका. कागदी वही शेवटच्या नोंदीनंतर किमान पाच वर्षे सांभाळणे नियमानेच बंधनकारक आहे. आमचे म्हणणे, पासपोर्टसोबत ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो घरच्यांच्या मोबाइलवर पाठवा.

आता एक कडू विषय. न उडता तास लिहिणे. इंग्रजी बोलणाऱ्या वैमानिकांत याला फार पूर्वीपासून 'पार्कर पेनाचे तास' म्हणतात, म्हणजे विमानाने नव्हे, पेनाने उडवलेले. आपल्याकडे २०११ मध्ये हा विषय देशभर गाजला. आधी बनावट गुणपत्रिका देऊन परवाने काढल्याची प्रकरणे उघड झाली, मग राजस्थानात न उडवलेले तास वहीत चढवल्याचा तपास झाला, काहींना अटक झाली आणि डीजीसीएने देशभरातल्या फ्लाइंग क्लबांची तपासणी हाती घेतली. हे पकडले जाते, कारण वही एकटी नसते. विमानाचे स्वतःचे लॉगबुक असते, इंधनाची नोंद असते, उड्डाणाच्या परवानगीचे रजिस्टर असते, एटीसीकडे वेळ असते. एखाद्या व्हीटी विमानाचे इंजिन दुरुस्तीसाठी उतरवलेले असताना तुमच्या वहीत त्याच दिवशी त्याच विमानाचे दोन तास असतील, तर काय उत्तर देणार?

'सगळेच करतात, पाच-सात तास लिहून टाकू' असे कोणी म्हटले तर मुलाने तिथून उठावे. हराम-हलालची बात बाजूला ठेवली तरी, विमानात मागे दीडशे माणसे बसलेली असतात.

नागपूरचे आकाश

नागपूरला विमाने नवी नाहीत. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला येऊन भेटायची, टपालाच्या थैल्या आपसात बदलायची आणि पहाटेपर्यंत परत जायची. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा. जुन्या लोकांना त्या रात्रीच्या आवाजाची आठवण अजून आहे. नागपूर फ्लाइंग क्लब १९४७ चा, सरकारी, विभागीय आयुक्तांच्या देखरेखीखाली चालणारा. या क्लबाने विदर्भातल्या अनेक मुलांना पंख दिले. पण मागच्या दशकात तिथले प्रशिक्षण बरीच वर्षे ठप्प होते. नंतर चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवर ते नेण्याचे काम झाले. त्यामुळे कोणी 'नागपूरलाच क्लब आहे की' म्हणाले, तर आज तिथे किती विमाने उडत आहेत ते स्वतः जाऊन पाहावे. आपल्या शहराचा क्लब म्हणून आम्हालाही ओढा वाटतो, पण ओढ्याने तास भरत नाहीत.

गोंदियाजवळ बिरसीला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेल्या धावपट्टीवर, नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. नागपूरहून रेल्वेने काही तासांचा रस्ता. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मोठी प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली, वर्षाला १८० वैमानिक घडवायचे असे तेव्हा सांगितले गेले. महाराष्ट्रात बारामती आणि शिरपूर इथेही प्रशिक्षण चालते. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारची, तिथे प्रवेश परीक्षेने होतो. परीक्षा कठीण, पण हुशार मुलाने ती आधी द्यावी असे आमचे मत.

हवामानाचे काय? जून ते सप्टेंबर ढग खाली येतात आणि शिकाऊ विद्यार्थ्याचे उडणे निम्म्यावर येते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुके. आणि मे महिन्यातला आपला ४५ अंशांचा उन्हाळा! तापलेली हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचीही ताकद पडते, धावपट्टी जास्त लागते. दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेत छोटे विमान जत्रेतल्या पाळण्यासारखे हलते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे उडणे, दहा वाजता बंद. हा सगळा हिशोब धरला तर वर्षाचे ३६५ दिवस कधीच उडायला मिळत नाहीत. अडीचशे मिळाले तरी चांगले.

याच आकड्यावर संस्थेची परीक्षा घ्या. समजा एका संस्थेत पाच विमाने आहेत आणि विद्यार्थी शंभर. शंभर जणांचे २०० प्रमाणे २०,००० तास झाले. एक विमान दिवसाला चार तास, वर्षात २५० दिवस उडाले तर १,००० तास. पाच विमानांचे ५,०००. म्हणजे सगळ्यांचे तास पूर्ण व्हायला चार वर्षे लागतील, आणि माहितीपत्रकात लिहिलेले असते 'अठरा महिने'. हा हिशोब पाचवीतला मुलगाही करू शकतो, पण फी भरताना कुणी करत नाही. म्हणून संस्थेत गेल्यावर चकचकीत ऑफिस पाहू नका, हँगरमध्ये जा. किती विमाने आहेत त्यापेक्षा आज किती उडण्याच्या स्थितीत आहेत ते विचारा. इन्स्ट्रक्टर किती, आणि गेल्या वर्षी किती जण सोडून गेले? गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या विद्यार्थ्यांना विचारा, "भाई, मागच्या महिन्यात किती तास मिळाले?" खरे उत्तर तिथे मिळते. डीजीसीएने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी लावायला सुरुवात केली आहे, तीही पाहून ठेवा. आणि फी टप्प्याटप्प्याने, उडालेल्या तासांनुसार. एकरकमी सवलतीच्या मोहात पडू नका, मग कोणी कितीही गोड बोलो.

आधी डॉक्टर, मग फी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करायची गोष्ट म्हणजे मेडिकल. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू होते, व्यावसायिक परवान्याला क्लास वन लागते. दोन्ही फी भरण्याआधी करून घ्या. चष्मा असला म्हणून कोणी अडवत नाही, नंबर मर्यादेत सुधारता आला की झाले. पण रंग ओळखता येत नसेल तर मोठी अडचण येते, आणि तो दोष मुलाला स्वतःलाही माहीत नसतो. प्लॉट विकल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

मग लेखी : एअर रेग्युलेशन, नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी आणि टेक्निकल. पास व्हायला ७० टक्के. रेडिओवर बोलण्याचा आरटीआर परवाना आधी दूरसंचार विभाग द्यायचा, भारतीय वायुयान अधिनियम २०२४ नंतर तो विषयही डीजीसीएकडे आला. हे पेपर घरी बसून, नागपूरला राहून देता येतात. ते आधी काढून मग उडायला जाणारा मुलगा वसतिगृहाचे पैसे आणि वेळ दोन्ही वाचवतो.

रोज्याबद्दलही विचारले जाते. उन्हात रोजा ठेवून एकट्याने विमान उडवायचे का? पाणी आणि साखर कमी पडली की निर्णय मंदावतो. पाकिस्तानच्या पीआयएने २०२४ मध्ये आपल्या वैमानिकांना उड्डाणात रोजा न ठेवण्याचा सल्ला दिला होता. शरियतची बाजू आलिमांना विचारा, पण इन्स्ट्रक्टरपासून लपवू नका. रोजा आहे हे सांगितले तर तो त्या दिवशीचे उड्डाण बदलून देऊ शकतो.

पैशासाठी राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाचे शैक्षणिक कर्ज आहे, देशातील शिक्षणासाठी २० लाखांपर्यंत. महाराष्ट्रात ते मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत मिळते, उत्पन्नाची मर्यादा आणि जामीनदाराची अट असते. उड्डाण प्रशिक्षणाला ते कसे लागू होईल हे जिल्हा कार्यालयात लेखी विचारून घ्या. बँकेचे कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की सहसा तारण मागतात. व्याज नको म्हणणारी घरे आहेत, त्यांनी बिरादरीत कर्ज-ए-हसना उभे केल्याची उदाहरणेही आहेत. पण तेही परत करायचे असते, आणि सीपीएल हातात आला म्हणजे नोकरी लागली असे नाही, हे देणाऱ्यालाही आधी सांगावे.

या मधल्या काळाची गोष्ट सय्यदा सलवा फातिमा यांच्या वाटचालीत दिसते. हैदराबादच्या जुन्या शहरातल्या, वडील बेकरीत कामाला. उर्दू दैनिक 'सियासत'च्या मदतीने त्या उड्डाण शिकू लागल्या, सीपीएल मिळाला, पण दोन इंजिनांचे प्रशिक्षण आणि टाइप रेटिंग यांचे पैसे नव्हते. तेलंगणा सरकारने ते दिले, तेव्हा कुठे त्या एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये पोचल्या. मुलींच्या पालकांना आम्ही आणखी एक सांगतो. भारतात महिला वैमानिकांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. उर्दू लेखिका हिजाब इम्तियाज अली यांनी लाहोर फ्लाइंग क्लबमधून १९३६ मध्येच परवाना घेतला होता.

२०० नंतरचा मोठा आकडा १,५००. कॅप्टन व्हायला लागणारा एटीपीएल परवाना त्यावर मिळतो, वय किमान २१ आणि वेगळे पेपर. अमेरिकेत २००९ च्या बफेलो अपघातानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून साध्या सहवैमानिकालाही साधारण १,५०० तास लागतात, म्हणून तिथली मुले वर्षानुवर्षे इन्स्ट्रक्टर म्हणून तास जमवतात. आपल्याकडे २०० तासांवर, टाइप रेटिंगसह, एअरलाइनमध्ये सहवैमानिक होता येते. पण भरती थंड असेल तेव्हा आपल्या मुलांनीही इन्स्ट्रक्टर रेटिंगचा विचार करावा. शिकवताना तास वाढतात, हात गंजत नाही आणि थोडा पगारही मिळतो. 'परदेशात स्वस्तात तास भरून देतो' अशा जाहिराती येतात, त्यात मेडिकल, व्हिसा आणि परत आल्यावर डीजीसीएकडून परवाना बदलून घेण्याचा खर्च धरलेला नसतो.

मोमीनपुऱ्यातल्या त्या मुलाने आता संस्था बदलली आहे. जुन्या संस्थेकडून ११२ तासांच्या सह्या आणि ना-हरकत कागद मिळवायला त्याला सात महिने लागले. उरलेल्या ८८ तासांसाठी नव्या ठिकाणी तो दर दहा तासांचे पैसे उडाल्यावर भरतो. पहिल्या उड्डाणाच्या तारखेभोवती त्याच्या अब्बूंनी कॅलेंडरवर लाल गोल काढून ठेवला आहे, आणि पाच वर्षांनंतरच्या तारखेभोवती दुसरा.